वार्तापत्राच्या आधी जमाखर्च

सोसायटीचं वार्तापत्र हातात घेतलं की आधी अध्यक्षांचं मनोगत, मग दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो आणि शेवटच्या पानावर कुठेतरी टाकीच्या दुरुस्तीचा खर्च. इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा आहे. शेजाऱ्यांना कागदावर कळवायची गरज पडली ती मुख्यतः पैशामुळे.

मुंबईच्या चाळीत बाकीच्या बातमीला कागद लागतच नव्हता. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. कुणाकडे पाहुणे आले हे पाहुण्यांनी चपला काढायच्या आत मजल्यावर माहीत! फळ्यावर खडूने लिहावं लागे ते तारीख, वेळ किंवा रक्कम असलेलं. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा. अशा उत्सवांसाठी दारोदार वर्गणी मागायची, तर हिशेब दाखवणं आलंच. मंडळांच्या छापील अहवालांत कार्यक्रमपत्रिकेच्या जोडीला वर्गणीदारांची नावं आणि शिल्लक असते. आजच्या वार्तापत्राचा खरा पूर्वज मला तोच वाटतो.

चाळीच्या मालकाला भाडेकरूंना हिशेब द्यायचं कारण नव्हतं. राहणारेच मालक झाले तेव्हा चित्र बदललं. १९०४चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मिळाली आणि १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. इमारत सगळ्यांची, कर्ज सगळ्यांचं, म्हणजे सगळ्यांना सांगणं भाग.

पुढे १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने आणि आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनी, हे सांगणं नियमांत बसवलं. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी. सभा आता ३० सप्टेंबरपर्यंत. सोबत विषयपत्रिका आणि ताळेबंद. हे सगळं उत्तम, पण कायद्याला हवी ती नोटीस. ‘लिफ्ट बंद का आहे आणि कधी सुरू होईल’ हे त्या भाषेत कधीच मावलं नाही. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ने सुरू होणारा कागद वाचायची इच्छा मुळात किती जणांना होते? थकबाकीदारांची यादी तेवढी सगळे थांबून वाचतात.

ही उणीव हौशी सभासदांनी भरून काढली. आधी हस्तलिखित अंक, मग सायक्लोस्टाइल, मग झेरॉक्स. बहुतेक अंक दोन-चार वर्षांत बंद पडतात, कारण ते एकाच माणसाच्या उत्साहावर चालतात आणि तो माणूस एक तर कमिटीत जातो किंवा कमिटीशी भांडतो.

व्हॉट्सॲपने वेगाचा प्रश्न सोडवला. ‘पाणी आज उशिरा’ हे सकाळीच कळतं. जबाबदारीचं मात्र वेगळं. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. सूचनेखाली सचिवाची सही असते, संदेशाखाली नसते. रंगकामाच्या खर्चावरून वाद पेटला की लोक ग्रुप वर सरकवत बसत नाहीत, इतिवृत्ताची वही मागतात.