लांब बार लावला म्हणून चेनसॉची ताकद वाढत नाही

जुन्या चेनसॉला (इंजिनवर चालणाऱ्या साखळी-करवतीला) लांब बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, टाकला की मशीन दमदार होते, भराभर कापते, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नसतं हो. इंजिन तेच, साखळी फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट तेच, मग जोर येणार कुठून? उलट ५० सीसीच्या मशीनला १८ ऐवजी २४ इंची बार चढवून जाड खोडात पूर्ण घुसवला की एकावेळी जास्त दात लाकडात अडकतात, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) पडतो, क्लच घसरून तापतो आणि झिजलेला ऑइल पंप टोकापर्यंत तेल पोचवू शकला नाही तर बारची कड चक्क निळी पडते. शिवाय पिच (साखळीच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी), बोल्टची खाच, तेलाचं भोक जुळायला हवं ते वेगळंच. आणि ३० इंची खोड १८ च्या बारनेपण दोन्ही बाजूंनी कापता येतं की!