गारठ्यात मावा पुढे, ढालकिडा मागे

गेल्या थंडीत कोथरूडला आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांत मोहरी पेरली होती. जानेवारीत शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढला, पाठोपाठ पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला. मावा खाणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, पोचला होता! पण अळ्या इतक्या सावकाश वाढत होत्या की मोहरी हातची जाणार असंच वाटलं.

कीटकाला सहसा अंगची ऊब राखता येत नाही. हवा तापेल तसं त्याचं शरीर चालतं. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची वाढ साधारण १२ अंश सेल्सिअसखाली थांबते. त्यावरचे अंश रोज जमेला धरायचे. अशी सुमारे २०० अंशांची पुंजी साठली की अंड्याचा भुंगेरा होतो. पुण्यात जानेवारीत पहाटे ११-१२ आणि दुपारी ३० अंश, सरासरी २०च्या आसपास. रोज ८ अंश जमा, म्हणजे २५ दिवस लागणार. मार्चमध्ये सरासरी २६वर गेली की तेच काम १४ दिवसांत उरकतं.

माव्याच्या बऱ्याच जाती मात्र ५-६ अंशांतही वाढत राहतात, वर त्यांच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात. गारठ्यात मावा पुढे निघून जातो तो यामुळे. नेमक्या याच दिवसांत माणसं धीर सोडतात. शेजारच्या काकू तर काळ्या, केशरी ठिपक्यांच्या अळ्यांनाच कीड समजून फवारा घेऊन आल्या होत्या. या अळ्याच मावा खातात हे सांगितल्यावर थांबल्या.

कोषाच्या रंगातही तापमान दिसतं, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं. थंडीत तयार झालेला कोष काळपट असतो, उन्हाळ्यातला फिकट नारिंगी. गडद रंग ऊन जास्त शोषतो.

उष्णता वाढेल तितकी बरी, असं मात्र नाही. पारा बराच वेळ ३५च्या वर राहिला की कित्येक अंडी फुटत नाहीत, अळ्या मरतात, आणि तगतात त्यांचे भुंगेरे लहानखुरे निघतात. एप्रिलमध्ये पुण्याची दुपार ३८ अंशांवर जाते. तापलेल्या स्लॅबवर तर त्याहून जास्त. पान बाष्प सोडतं म्हणून पाणी मिळालेल्या झाडाच्या पानाखाली थोडा गारवा असतो. म्हणून मी मार्चअखेर कुंड्या हिरव्या जाळीखाली सरकवल्या.

मोहरी वाचली. फेब्रुवारीत दुपारी तापू लागल्या आणि आठवड्याभरात शेंडे मोकळे झाले. एका पानावर रिकामा कोष चिकटलेला होता, काळपट.