तारेतली पत्रं आणि खोडलेला हुद्दा : पार्श्वभूमी

आलेलं पत्र फाडून टाकायची पद्धत आमच्या घरी नव्हती. वाचून झालं की ते ओसरीतल्या तारेत ओवलं जाई. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखी वाकवलेली जाड तार. कापसाच्या पावत्या, लग्नपत्रिका, कोर्टाचे समन्स आणि पलटणीतून आलेली आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, पत्रं, सगळं एकाच तारेत. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक पत्राच्या मधोमध एक भोक आहे आणि भोकाभोवती गंजाचं तांबूस कडं. एका पत्रात ते भोक नेमकं तारखेवर पडलंय. फायदा एवढाच की क्रम बिघडला नाही : तळाला १९४१, शेंड्याला १९४६.

या पत्रांच्या नकला आता घरातल्या सगळ्यांच्या हाती पडतील. वाचताना अडखळायला होईल अशा दोन-तीन जागा आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण. दुसरं महायुद्ध कोणाचं होतं हे सांगत बसत नाही.

नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ ची, त्यामुळे गोरी पलटण आपल्या भागाला नवी नव्हती. पण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर पेरणाऱ्या घरातला पोरगा पलटणीत जाणं, तेही डॉक्टर म्हणून, हे नवंच होतं. आबाजी नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकले. ही शाळा १९१४ ची. नावात स्कूल आहे, कॉलेज नाही, हे लक्षात ठेवायचं; पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कॉलेजात शिकणारे एम.बी.बी.एस. होत आणि त्यांना विद्यापीठाची पदवी मिळे. स्कूलमध्ये शिकणारे मॅट्रिकनंतरचा आखूड अभ्यासक्रम करून एल.एम.पी. (एल म्हणजे लायसेन्शिएट, परवानाधारक) होत, त्यांना परवाना मिळे. गावात दोघेही डॉक्टरच. सरकारदरबारी मात्र १९३३ च्या कायद्याने जी अखिल भारतीय वैद्यक परिषद उभी राहिली, तिच्या लेखी परवानेवाले नव्हतेच. त्यांची नोंद प्रांताच्या वहीत. लष्करानेही तीच रेघ ओढली. पदवीवाला कमिशन घेऊन अधिकारी होई. परवानेवाला सब-असिस्टंट सर्जन म्हणून भरती होई आणि त्याचा हुद्दा असे जमादार.

हा शब्द पत्रांमध्ये आहे आणि नाहीही. पाठवणाऱ्याने आपला हुद्दा, नाव आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा लिहायचा, असा नियम. गावाचं नाव लिहायला बंदी. त्यामुळे आबाजींच्या पाकिटांवर नावाआधी ‘जमादार’ असायलाच हवा. तळच्या पत्रांवर तो स्वच्छ दिसतो. मग १९४२ च्या पावसाळ्यानंतर आलेल्या ७ पाकिटांवर तो खोडलेला आहे. सेन्सॉरने नव्हे. सेन्सॉर ब्लेडने कापायचा, एका पत्राला त्याने केलेली बोटभर खिडकी अजून आहे. ही खाडाखोड जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची, जिभेला लावून ओली केलेली, आणि सातही ठिकाणी एकाच हाताची. तशी पेन्सिल घरात एकाच माणसाच्या कानावर असे : आबाजींचे वडील, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, कारभारी.

दादाजींनी ते का खोडलं यावर घरात दोन तट आहेत.

मोठेबाबांचं म्हणणं, लाजेखातर. ते नागपुरात वाढले, आणि तिथे जमादार म्हणजे सफाई कामगारांवर देखरेख करणारा माणूस. पोरगा शिकवला, डॉक्टर झाला, शेत गहाण टाकलं, आणि पाकिटावर काय, तर जमादार! व्याह्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? या तर्काच्या पोटात कोणत्या कामाला कमी लेखलं गेलंय ते उघड आहे, आणि त्या काळच्या ओसरीत तसा विचार झालाच नसेल असं मी म्हणणार नाही.

आत्याबाईंचं म्हणणं वेगळं. खेड्यात जमादार म्हणजे ठाण्यातला पोलीस, हवालदाराच्या जागचा. आजही आमच्याकडे ‘जमादार आला’ म्हटलं की दुकानदार स्कूटर बाजूला घेतात. आता तारीख पाहा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. त्या दिवशी चांद्याकडे चिमूरला आणि इकडे आमच्याच तालुक्यात आष्टीला लोक उठले. आष्टीत जमाव ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, गावकरी मेले आणि पोलीसही मारले गेले. मग धरपकड, झडत्या, रात्री-बेरात्री वाजणाऱ्या कड्या. त्या दिवसांत पोस्टमन भर पारावर पाकीट वाचून दाखवतो : अमुक जमादार यांजकडून. कोणाच्या मनात काय आलं असेल? दुसऱ्या बाजूने, ठाण्यातल्या माणसाला कळायचं की हा सरकारच्याच पलटणीतला. म्हणजे पेन्सिल चालवून दादाजींनी थोडं संरक्षणही गमावलं. तरी त्यांनी ती चालवली.

मला आत्याबाईंचं पटतं, आणि ते तारेमुळे. लाजच वाटली असती तर १९४१ पासूनची सगळी पाकिटं खोडली असती. ती तर हाताशीच होती. तळची पाकिटं न खोडता राहिली, कारण ती आली तेव्हा या शब्दाला अजून धार आली नव्हती. मोठेबाबा म्हणतात, खालची पाकिटं उपसून खोडण्याइतका वेळ कोणाला होता. असेलही. नक्कल करताना आम्ही ‘जमादार’ पूर्ण लिहिलाय आणि त्याखाली रेघ दिलीय, पेन्सिलीची खूण म्हणून. यावर मोठेबाबा अजून नाराज आहेत.

शब्दाबद्दल एवढंच की लष्करात तो मानाचा होता. व्हाइसरॉयचं कमिशन (पदवीवाल्या अधिकाऱ्यांच्या कमिशनहून खालचं) मिळालेल्या तीन पायऱ्यांतली पहिली जमादार, मग सुभेदार, मग सुभेदार-मेजर. जवान त्यांना साहेबच म्हणत. स्वतंत्र भारताच्या सैन्याने १९६५ साली जमादार हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी नायब सुभेदार आला. ७ पाकिटांवर दादाजींनी जे केलं, ते सरकारने २३ वर्षांनी केलं.

३ एप्रिल १९४३ रोजी लष्कराची वेगवेगळी वैद्यकीय खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली. म्हणून त्यानंतरच्या पत्रांत खात्याचं नाव बदललेलं दिसेल. आबाजी ‘कॅप्टन’ होते असं मात्र एकाही पाकिटावर नाही. ते आलं गावातल्या एका शाळेच्या स्मरणिकेतून, आबाजी वारल्यानंतर, आणि आमच्यापैकी कोणीच ते खोडलं नाही. आजीच्या तेरवीच्या पत्रिकेत तर आम्ही स्वतःच छापलं.

पत्रांत लढाई फारशी नाही. घरच्यांना याचं वाईट वाटतं, पण त्यात नवल नाही. १९४४ मध्ये आबाजी इम्फाळच्या बाजूला होते. कसं कळलं? भात आमच्या भंडाऱ्याच्या भातासारखा, पण डोंगरात, आणि पाऊस चैत्रातच सुरू, असं एका पत्रात आहे. सेन्सॉरला भंडारा ठाऊक नसावा. त्या आघाडीवर १९४३ साली एका जखमी जवानामागे १२० जण आजाराने हॉस्पिटलात येत होते. हिवताप, हगवण, गोचिडीसारख्या बारीक किड्याचा ताप. म्हणजे परवानेवाल्या डॉक्टरचं काम टाके घालण्यापेक्षा संडासाच्या खड्ड्यांवर झाकणं बसवून घेणं, आणि रोज संध्याकाळी रांग लावून प्रत्येकाच्या तोंडात मेपाक्रीनची, म्हणजे हिवतापाची, गोळी पडते की नाही पाहणं. गोळी कडू, आणि तिने कातडी पिवळी होते. आबाजींनी घरी लिहिलं की इथे अख्ख्या पलटणीला हळद लागली आहे, नवरी तेवढी कुठे दिसत नाही. त्या गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवाही जवानांत होती. तिचा उल्लेख थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र तारेत नव्हतं, भावाच्या कपाटात सापडलं.

आजीला आलेली पत्रं वेगळी नाहीत. दादाजींना आलेल्या पाकिटातच एक लहान घडी, वर ‘सौ. हिस’ एवढंच. ती कोणी वाचून दाखवली हे आजीने कधी सांगितलं नाही. पुलगावहून आर्वीला येणाऱ्या छोट्या गाडीने डाक येई आणि पाऊस लागला की आठ-आठ दिवस अडकून पडे. म्हणून काही घड्यांत आधीच्या पत्राचं उत्तर का आलं नाही अशी विचारणा आहे, तीही रागाने. १९४५ च्या एका पत्रात आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या हे खरं का, एवढी एकच ओळ आहे. सरकारी पगारावर बसून तशी ओळ लिहायला काय लागलं असेल ते वाचणाऱ्याने ठरवावं.

१९४६ साली आबाजी घरी आले, पत्रं थांबली, आणि त्याच वर्षी त्यांच्यासारखे परवानेवाले डॉक्टर घडवणं बंद करायचं ठरलं. देशाच्या आरोग्याचा आराखडा करायला सरकारने युद्धातच एक समिती नेमली होती. तिच्यापुढचा आकडा असा : नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५००, त्यांत पदवीवाले साडेसतरा हजारांच्या आसपास, बाकी जवळपास ३०,००० परवानेवाले. समितीतल्या बहुमताने सांगितलं की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, पदवीवालाच, तयार करायचा. काही सदस्यांनी विरोध नोंदवला : माणसं कमी पडतील, खेड्यात कोण जाईल? बहुमत जिंकलं. स्कूलं बंद झाली किंवा कॉलेजं झाली. नागपुरात १९४७ ला मेडिकल कॉलेज निघालं. जुन्या परवानेवाल्यांना संक्षिप्त अभ्यासक्रम करून पदवी घेता येई. आबाजी गेले नाहीत. तेव्हा त्यांच्याकडे तीन लेकरं होती आणि पेरणी तोंडावर होती.

एकच दर्जा हवा हे म्हणणं चुकीचं नव्हतं. दुय्यम डॉक्टर खेड्याला आणि अव्वल शहराला, ही वाटणी कोणाला आवडेल? पण ज्यांनी इम्फाळच्या चिखलात हिवताप आवरला, तेच १९५३ च्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला खेड्यात हवे होते, आणि त्यांची नवी पिढी घडायची थांबली होती. आमच्या गावाला आबाजींनंतर ११ वर्षं डॉक्टर नव्हता. कंपाउंडर होता. १९७० च्या दशकात गावपातळीवर आरोग्यरक्षक नेमायची कल्पना आली, २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून पाहिला, त्यावर वाद झाले. २०१९ च्या कायद्यात मर्यादित परवान्याचा आरोग्य सेवक आला आणि डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. मर्यादित परवाना! एल.एम.पी. मधला एल म्हणजे दुसरं काय होतं? त्या वेळी आमच्या घरातले दोन एम.बी.बी.एस. मोर्चात होते. त्यांना मी तळचं पहिलं पाकीट दाखवलं. एकाने फोटो काढून ठेवला, दुसरा म्हणाला, काळ वेगळा होता.

आबाजींच्या दवाखान्याच्या पत्र्यावर नावापुढे फक्त एल.एम.पी. होतं. हुद्दा त्यांनी स्वतः कधीच रंगवून घेतला नाही, जमादारही नाही आणि कॅप्टनही नाही. पत्रा अजून आहे, गोठ्यात, कडब्यावर झाकलेला. नकलांच्या पहिल्या पानावर त्याचाच फोटो आहे.