कागद नसलेल्या कारवानला डॉग शोमध्ये कसं उतरवायचं?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, चिकोडी, निपाणी भागात वस्तीवर कारवान हा शिकारी कुत्रा दिसतोच: लांब तोंड, आत ओढलेलं पोट, अनोळखी माणूस आला की दोन पावलं मागे सरणारा. मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथूनच या कुत्र्याला मुधोळ हाउंड हे नाव पडलं. आपल्याकडच्या बहुतेक कारवानांना कागद, म्हणजे वंशावळीची नोंद नाही, म्हणून चांगली चांगली जनावरं रिंगणाबाहेरच राहतात. तसं राहायची गरज नाही.

नोंदणी केनेल क्लब ऑफ इंडियाकडे होते (स्थापना 1896, मुख्यालय चेन्नई). अर्जात जातीच्या रकान्यात 'मुधोळ' नव्हे, 'कारवान हाउंड' लिहायचं, कारण त्यांच्या यादीत तेच नाव आहे. आई-बाप नोंदणीकृत असतील तर सगळ्या पिल्लांची नोंद पैदासकार करतो. तुम्ही फक्त मालकी हस्तांतराच्या अर्जावर त्याची सही घ्यायची. ही सही पिल्लू घरी आणतानाच घ्या. वर्षभराने माणूस सापडत नाही.

आई-बापांचे कागदच नसतील तर देशी जातींसाठी 'अज्ञात वंशावळ' नोंदणी असते. कुत्र्याला शोच्या ठिकाणी न्यायचं, परीक्षक दात, बांधा, चाल बघतात आणि जातीच्या वर्णनात बसला तर मान्यता देतात. प्रमाणपत्रावर आई-बापाचे रकाने कोरे राहतात, पण तुमचा कुत्रा रिंगणात उतरू शकतो.

कागदपत्रं थोडीच लागतात: मालकाचं ओळखपत्र, कुत्र्याचे फोटो, लसीकरणाचं पुस्तक आणि मायक्रोचिपचा 15 अंकी क्रमांक. चिप पशुवैद्य खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात. तांदळाच्या दाण्याएवढी असते. रेबीजची लस वयाचे तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे दरवर्षी. आपल्या भागात अडचण येते ती नावाची. आडनाव मराठीतून कन्नडमध्ये, तिथून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं. निपाणीच्या माझ्या मित्राचा अर्ज एका अक्षरासाठी परत आला होता. आधारवर जसं स्पेलिंग आहे, अगदी तसंच सगळीकडे भरा.

प्रवेशअर्ज शोच्या बऱ्याच आधी बंद होतात, त्या दिवशी जाऊन नाव लागत नाही. वर्ग वयाप्रमाणे असतात: 4 ते 6 महिन्यांची लहान पिल्लं, 6 ते 12 महिन्यांची पिल्लं, मग ज्युनियर, त्याशिवाय भारतात जन्मलेले, ओपन (सगळ्यांना खुला), चॅम्पियन. हा झाला देखणेपणाचा शो. इथे कुत्र्यांची एकमेकांशी तुलना होण्याआधी प्रत्येकाची जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी होते. नराचे दोन्ही वृषण उतरलेले असावे लागतात, हे आधीच बघून घ्या.

याशिवाय वेगळ्या स्पर्धाही असतात. आज्ञापालनात बस, थांब, ये, मालकाच्या डाव्या पायाजवळून चाल, अशा गोष्टींना गुण मिळतात. अ‍ॅजिलिटीत, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, उड्या, बोगदा, नागमोडी खांब, आणि घड्याळ लावलेलं. हा खेळ 1978 मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोमध्ये पहिल्यांदा झाला. जर्मन शेफर्डवाल्यांसाठी माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण अशी तिहेरी आयजीपी चाचणी आहे. पहिल्या पातळीसाठी कुत्रा 18 महिन्यांचा हवा. कारवानचा खरा खेळ मात्र ल्युअर कोर्सिंग: चाकांवरून दोरीने ओढलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीमागे धावणं. जिवंत ससा सोडून शर्यत लावू नका. सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे, आणि कुत्र्याला त्याची गरजही नसते. पिशवी हलली की तो सुटतोच.

रेल्वेने नेणार असाल तर पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र प्रवासाच्या आदल्या दिवशी घ्या. आणि महिनाभर आधीपासून शेजाऱ्यांना, पाहुण्यांना कुत्र्याचे ओठ वर करून दात बघू द्या. वस्तीवर वाढलेला कारवान परक्या हाताला बुजतो, आणि रिंगणात परीक्षक नेमकं तिथूनच सुरुवात करतात.