एनएसटी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ : हा शब्द आला कुठून

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या तिघीजणी नवव्या महिन्यात आहेत, त्यामुळे कट्ट्यावर दर आठवड्याला एनएसटीच्या (नॉन-स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा कागदाच्या पट्टीवर काढलेला आलेख) पट्ट्यांचीच चर्चा. एका काकूंनी तर सांगूनच टाकलं की नॉन-स्ट्रेस म्हणजे टेन्शन न घेता पडून राहायचं. पण त्यातला स्ट्रेस आईच्या डोक्यातला नाहीच मुळी.

नळीला कान लावून ठोके ऐकणं एकोणिसाव्या शतकातलं, ते सोडून देऊ. ठोक्यांचा आलेख काढणारं मशीन बाजारात आलं १९६०च्या दशकाच्या शेवटी, आणि ते आलं कळा चालू असतानाच्या वापरासाठी. मग कळा सुरू व्हायच्या आधीच बाळाचा अंदाज घेता येईल का म्हणून १९७०च्या दशकात आईला ऑक्सिटोसिनची ड्रिप लावून मुद्दाम थोड्या कळा आणायचे आणि त्या ताणात ठोके उतरतात का बघायचे, ही झाली स्ट्रेस टेस्ट. वेळखाऊ प्रकार, शिवाय आधी गर्भाशयाला उभा छेद देऊन सिझर झालेलं असेल किंवा वार खाली असेल तर करताच येत नाही. ते करताना लक्षात आलं की बाळ हललं की ज्याचे ठोके आपोआप वर जातात ते बाळ बहुतेक ठीकच असतं, मग कळा आणायच्या कशाला? ताण न देता केलेली म्हणून नॉन-स्ट्रेस.

घोळ इथून पुढे. स्ट्रेस टेस्ट ‘निगेटिव्ह’ आली, म्हणजे ठोके उतरले नाहीत, तर चांगली, आणि एनएसटी मात्र ‘रिॲक्टिव्ह’ हवी! २० मिनिटांत दोनदा ठोके मिनिटाला १५ने वर जाऊन १५ सेकंद टिकले की रिॲक्टिव्ह (३२ आठवड्यांच्या आत असेल तर १० आणि १०). नाही झालं तर नॉन-रिॲक्टिव्ह, आणि हे ऐकलं की घरचे समजतात बाळ प्रतिसादच देत नाहीये. अहो, पोटातलं बाळ सलग २०-४० मिनिटं गाढ झोपतं, म्हणून तर पट्टी ४० मिनिटांपर्यंत वाढवतात. पट्टी चांगली आली तर पुढच्या आठवड्यात बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण हजारात सुमारे २, पण खराब आलेल्या पट्ट्यांतली निम्म्याहून जास्त बाळं ठणठणीत असतात, म्हणून पुढे सोनोग्राफी. माझ्या मते या टेस्टला दुसरं नाव दिलं असतं तर निम्मी रडारड वाचली असती. अर्थात हालचाल कमी वाटली तर कालची पट्टी चांगली होती म्हणून घरी बसायचं नाही, लगेच जायचं.

‘काहीतरी गोड खाऊन या’ हा सल्लाही जुनाच. नंतरच्या अभ्यासांत साखरेनं नॉन-रिॲक्टिव्ह पट्ट्या कमी झाल्याचं दिसलं नाही, पोटावर बझर वाजवल्यावर मात्र झाल्या.

मशीननं खरंच बाळं वाचतात का? १९८५ साली डब्लिनमधल्या सुमारे १३,००० बाळंतपणांचा अभ्यास आला. सतत मशीन लावल्यानं नवजात बाळांना येणारे झटके कमी झाले, पण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. असे सगळे अभ्यास एकत्र केले तर सिझर मात्र वाढलेली दिसतात. हे सगळं कळांमधलं. नवव्या महिन्यातल्या साध्या पट्टीनं बाळं वाचतात याचा ठोस पुरावा त्याहून तोकडा, तरी आपल्याकडे ती फाइलीत हवीच.

१९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘फीटल डिस्ट्रेस’ (पोटातलं बाळ त्रासात) हा शब्दच टाळायचं ठरवलं, कारण त्यातून नेमकं काहीच कळत नव्हतं. आपल्याकडे तो डिस्चार्ज कार्डावर अजून दिसतो. २००८मध्ये तिकडेच पट्ट्यांच्या १, २, ३ अशा तीन कॅटेगऱ्या ठरल्या, २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर नॉर्मल, सस्पिशस, पॅथॉलॉजिकल अशी वाटणी नव्यानं झाली, पण दोन्ही कळांमधल्या पट्टीसाठी. छत्तिसाव्या आठवड्यातली एनएसटी घेऊन गूगलवर ‘कॅटेगरी २’ शोधत बसणाऱ्या आमच्या शेजारणीला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि पट्टीचा फोटो अमेरिकेतल्या मामेबहिणीला व्हॉट्सॲप करणाऱ्यांनी कागदाचा वेग तरी बघावा. तिकडे मिनिटाला ३ सेंटिमीटरची सवय, इथली १ची असली तर तेच ठोके दाटीवाटीनं, करवतीच्या दात्यांसारखे दिसतात आणि मग रात्री दोनला घाबरून फोन येतो.