रेड व बॅकअप

रेड (इंग्रजी RAID) : अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून, त्यांतील एखादी बंद पडली तरी काम अखंड चालावे यासाठी केलेली साठवण-रचना. रेडमुळे डेटा हाताशी राहतो. तो टिकेलच असे नाही. त्यासाठी वेगळी प्रत, म्हणजे बॅकअप, लागते. रेडच्या पातळ्या (डिस्कवर मजकूर वाटून ठेवण्याच्या क्रमांक दिलेल्या पद्धती) आणि त्यांची जोडणी सर्वपरिचित असल्याने येथे भर मुख्यतः या मर्यादेवर आहे.

उगम व नाव : हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधातून रूढ झाले. कल्पना मात्र त्याआधीची आहे. टँडम कंपनीच्या यंत्रांत एकच मजकूर दोन डिस्कवर लिहिण्याची पद्धत १९७० च्या दशकातच होती. आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांनी १९७७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला (पेटंट १९७८ मध्ये मिळाले). त्यातील रचना पुढे ‘रेड ४’ म्हणून ओळखली गेली. त्यामुळे काही जण शोधाचे श्रेय औची यांना देतात. बर्कलीच्या निबंधाचे महत्त्व शोधापेक्षा वर्गीकरणात आणि हिशेबात आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. विखुरलेल्या युक्त्यांना त्याने पाच पातळ्यांत बसवले. ‘रेड ०’ व ‘रेड ६’ ही नावे नंतरची.

नावातील ‘आय’ हे अक्षर मुळात ‘स्वस्त’ (inexpensive) या अर्थाचे होते. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकातील अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, असा प्रस्ताव होता. पुढे उद्योगजगताने त्याच अक्षराचा अर्थ ‘स्वतंत्र’ (independent) असा लावला. महाग यंत्रे विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द अडचणीचा होता, हे उघड आहे; पण नवा शब्द तांत्रिकदृष्ट्या अधिक अडचणीचा ठरला.

स्वतंत्रतेचे गृहीतक : मूळ निबंधातील हिशेब असा : एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक बिघाड अपेक्षित आहे. म्हणून पॅरिटीची (समतेची) जोड दिली जाते. सर्व डिस्कवरील बिटांवरून एक जादा बिट काढून ठेवला, की हरवलेला कोणताही एक बिट उरलेल्यांवरून काढता येतो. दुसरी डिस्क त्याच काळात जाण्याची शक्यता नगण्य ठरते, ती प्रत्येक बिघाड इतरांपासून स्वतंत्र आहे असे मानल्यामुळे. प्रत्यक्षात संचातील डिस्क बहुधा एकाच खेपेत घेतलेल्या असतात. पेटी, वीजपुरवठा, उष्णता आणि नियंत्रक हेही सामायिक असतात.

बियांका श्रोडर आणि (मूळ निबंधाचे सहलेखक) गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार डिस्क बदलाचे वार्षिक प्रमाण फार तर ०.८८ टक्के यायला हवे होते. ते सर्रास २ ते ४ टक्के, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नसल्याच्या खुणाही त्यांना दिसल्या.

पुनर्बांधणीचा वाद : बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, की उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. घरगुती वापराच्या डिस्कसाठी एक कोटी कोटी बिटांमागे, म्हणजे १२.५ टेराबाइटमागे, फार तर एक वाचन-दोष अशी मर्यादा उत्पादक सांगत आले आहेत. ४ टेराबाइटच्या चार डिस्कचा, एकाच डिस्कचा बिघाड सोसणारा ‘रेड ५’ संच घेतल्यास पुनर्बांधणीत १२ टेराबाइट वाचावे लागतात आणि ते निर्दोष पार पडण्याची शक्यता साधारण ३८ टक्केच येते. याच प्रकारच्या गणितावरून रॉबिन हॅरिस यांनी २००७ मध्ये ‘रेड ५’ लवकरच निरुपयोगी ठरेल असे भाकीत केले. ते शब्दशः खरे ठरले नाही. सांगितलेला आकडा ही हमीची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तरीही दिशा बरोबर होती. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने सलग लिहिली तरी सुमारे २२ तास लागतात. चालू कामाच्या ताणाखाली कित्येक दिवस. त्यामुळे मोठ्या संचांत दोन डिस्कचा बिघाड सोसणारा ‘रेड ६’ पसंत केला जातो.

डिस्कने तक्रार न करता चुकीचा मजकूर परत देणे ही वेगळी अडचण होय. १५.३ लाख डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदींवर आधारित, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४ लाखांहून अधिक विसंगती सापडल्या. साधी पॅरिटी चूक आहे एवढे फार तर दाखवते, कोणत्या डिस्कची ते नाही. झेडएफएससारख्या फाइल-प्रणाली प्रत्येक खंडाची बेरीज-खूण (मजकूर बदलला का हे ओळखणारी संख्या, चेकसम) वेगळी ठेवतात, ती यासाठीच.

रेडच्या कक्षेबाहेरचे नाश : जर्नलस्पेस ही ब्लॉग-सेवा जानेवारी २००९ मध्ये बंद पडली. तिच्या दोन्ही जोड-डिस्क (एकच मजकूर असलेल्या) धडधाकट होत्या. डेटावर नवा मजकूर लिहिला गेला आणि तो इमानेइतबारे दोन्हींवर उमटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर खंडणी-सायबरहल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. रुग्णालयीन प्रणालीचा डेटा बाधा न पोहोचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट डेटा गेला. साठा फार मोठा असल्याने बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता.

बॅकअप : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा ‘३-२-१’ नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावे सांगितला जातो, टेप दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची चाल मात्र त्याहून बरीच जुनी आहे. प्रत घेतली म्हणजे ती परत उतरवता येईलच असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर-कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही व्यवस्था भरवशाची निघाली नाही. अखेर, दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत वापरावी लागली.