अनुदान दिलं नसतं तर?

जुनी गाडी भंगारात द्या आणि नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट घ्या. मंदीत रुतलेल्या वाहनउद्योगाला हात देण्यासाठी अमेरिकी सरकारने २००९च्या उन्हाळ्यात ही योजना आणली. पहिले १ अब्ज डॉलर आठवडाभरातच संपत आले. मग आणखी २ अब्ज मंजूर झाले. ऑगस्ट संपायच्या आत सुमारे ६.८ लाख गाड्यांना अनुदान मिळालं. एवढी झुंबड उडाली म्हणजे योजना यशस्वी, असंच कुणालाही वाटेल.

पण अनुदान किती जणांनी घेतलं, एवढंच या आकड्यातून कळतं. परिणाम मोजायचा तर विचारावं लागतं, अनुदान नसतं तर यातल्या किती गाड्या तरीही खपल्या असत्या? ते ‘नसतं तर’चं जग कुणीच पाहिलेलं नसतं. ते पुराव्यांतून उभं करणं हे मला अर्थशास्त्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

या योजनेत त्यासाठी एक आयती रेघ होती. गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी धावणारी जुनी गाडी पात्र, १९ मैलांची अपात्र. १८ मैलांची गाडी बाळगणारं घर आणि १९ मैलांची बाळगणारं घर, यांच्या उत्पन्नात, सवयींत असा किती फरक असणार? जवळपास नाहीच. म्हणजे रेघेपलीकडची घरं पाहिली, की अनुदान नसताना अलीकडच्यांनी काय केलं असतं ते कळतं.

टेक्सासमधल्या गाड्यांच्या खरेदीच्या नोंदी अशा तपासल्यावर दिसलं, की योजनेच्या दोन महिन्यांत जेवढी विक्री वाढली, तेवढीच ती पुढच्या सात ते नऊ महिन्यांत घटली. लोकांनी जास्त गाड्या घेतल्याच नव्हत्या. पुढे घ्यायची ती आधी घेतली होती. त्याहून चटका लावणारी गोष्ट वेगळीच. नवी गाडी कमी इंधन पिणारी हवी, अशी अट होती. त्यामुळे ग्राहक स्वस्त गाड्यांकडे वळले आणि उद्योगाचं उत्पन्न सुमारे ३ अब्ज डॉलरने घटलं, असा संशोधकांचा अंदाज आहे. सरकारचा खर्चही साधारण तेवढाच! इंधन वाचवणं आणि उद्योगाला उभारी देणं, हे दोन हेतू एकमेकांच्या आड आले.

सगळीच अनुदानं अशी वाया जात नाहीत. ब्रिटनमध्ये मागास भागांतल्या कारखान्यांना मिळणाऱ्या अनुदानाने लहान कंपन्यांत रोजगार खरोखर वाढला. मोठ्या कंपन्यांनी पैसे घेतले, पण त्यांच्याकडे तशी वाढ दिसली नाही.

रेघेची पद्धत मात्र रेघेजवळच्यांबद्दलच बोलते. गॅलनला जेमतेम १२ मैल धावणाऱ्या गाडीच्या मालकाने काय केलं असतं, हे तिच्यातून कळत नाही. त्यापेक्षा भक्कम वाट मेक्सिकोने १९९७ साली धरली. मुलांना शाळेत पाठवणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख मदत देताना ५०६ गावांची सरळ सोडत काढली: ३२० गावांना मदत आधी, १८६ गावांना नंतर. मदत मिळालेल्या गावांत मुली माध्यमिक शाळेत जास्त संख्येने जाऊ लागल्या, आणि ही वाढ त्या पैशांमुळेच झाली असं सांगता आलं, कारण थांबलेली १८६ गावं तुलनेसाठी समोर होती.